नळ्याची यात्रा

"दोघीही एकाच देशातल्या, एकाच राज्यातल्या," जज्ज म्हणाले. "मग देशावरून भेदभाव कसला?"

नागपूरच्या बुद्धविहारामागे वाढलेली अंजना आणि पुण्याच्या पेठेतली मालिनी, या दोघींमधलं अंतर शिकागोच्या फेडरल कोर्टाला सत्त्याऐंशी साली कोण समजावणार, कप्पाळ! लॅबची मुख्य असलेल्या मालिनीने वरच्या साहेबाला सांगितलं होतं, "हिची डिग्री विकतची. हे लोक असेच पुढे येतात. हिच्या हाती रक्ताचे नमुने देऊ नका." नोकरी गेलीच, वर देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी घ्यायची चोरी झाली.

अंजनाच्या वकीलबाईंनी दोन दावे एकत्र जोडले होते. भेदभावाचा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखाली आणि बदनामीचा इलिनॉय राज्याच्या कायद्याखाली. हा धाकटा, बदनामीचा, एकटा आला असता तर इथे कुणी दारात उभा केला नसता. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा! पण अंजनाला गाड्याशी देणंघेणंच नव्हतं. मालिनी खोटं बोलली, एवढं कुणीतरी शपथेवर म्हणावं, बस्स.

म्हणणारी मागच्या बाकावर बसली होती. सुहासिनीताई, मालिनीची हळदीकुंकवाची मैत्रीण. मालिनीने अंजनाची अस्सल सर्टिफिकेटं त्यांच्यादेखत तपासली होती. सकाळी गाडीत त्या म्हणाल्या होत्या, "एकदाच येईन हं. परत बोलवू नकोस."

"भेदभावाचा दावा फेटाळला," जज्ज म्हणाले.

वकीलबाई ताडकन उठल्या. "युअर ऑनर, निदान बदनामीचा ठेवून घ्या. साक्षीदार इथेच बसलीय."

जज्जांनी चष्मा काढून पुसला.

"तो राज्याच्या कोर्टाचा प्रश्न. तिकडे जा."

झालं! कॉरिडॉरमध्ये वकीलबाई म्हणाल्या, "तिकडे नव्याने दाखल करू. पण नंबर लागायला दोन-तीन वर्षं जातील."

तेवढ्यात मालिनी जवळ आली. "सुहास, राइड देऊ का गं? आणि शनिवारी येते आहेस ना माझ्याकडे?" आवाज कसा साखरेत घोळलेला. अंजनाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

सुहासिनीताई खाली मान घालून कोटाची बटणं लावत राहिल्या. एकदाच येईन म्हणाल्या होत्या आणि आल्या होत्या. आता अंजनाने कुठल्या तोंडाने अडवायचं?

लिफ्ट आली. मालिनी आत शिरली आणि तिने दार धरून ठेवलं.

"तू हो पुढे," सुहासिनीताई म्हणाल्या.

दार बंद झालं. त्या वकीलबाईंकडे वळल्या. "शपथेवर लिहून देता येतं का?"

"येतं ना. माझ्या ऑफिसात. पण घाई नाही, उद्या या."

"उद्या नको." सुहासिनीताईंनी अंजनाचा हात घट्ट धरला. "आजच चल बाई. शनिवारपर्यंत माझा धीर टिकायचा नाही."