हमी रद्द
आर्डिसने स्वस्तातल्या मालवाहू ई-सायकलचा मूळ डिस्प्ले उचकटला, तेव्हा ‘उघडल्यास हमी रद्द’ हे स्टिकर तिच्या बोटाला चिकटलं. “आई, गुडघा बदललाय तुझा. विकून टाक ती सायकल,” दारातून मुलगा म्हणाला. “चढावरच्या म्हाताऱ्यांना सूप मी ट्रकमधून पोचवेन.” “गेल्या गुरुवारी पोचवलंस तसं? बिचारे खिडकीत वाट बघत बसून राहिले.” त्या डिस्प्लेमुळे पायडलचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय मोटर जागी होत नसे आणि डुलूथ शहराच्या चढावर तोच पहिला फेरा गुडघ्याला झेपत नव्हता. तिने दुसऱ्या कंपनीचा डिस्प्ले बसवला, सेटिंग बदललं, पायडल नुसतं दाबलं. मोटर गुणगुणली. “आता बिघडली तर कंपनी हात वर करेल,” तो पुटपुटला. “करू दे. डॉक्टरांनाही सांग,” म्हणत तिने बोटावरचं स्टिकर नव्या गुडघ्यावर चिकटवलं आणि सूप घेऊन चढाला लागली.