इटालियन अस्तर

मोटारसायकल चालू झाली. रविवारी, भर दुपारी, बैठकीच्या खोलीत, सोफा आणि टीव्हीच्या मधोमध. पण असं काही झालंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. त्या घरातले तिघंही तसंच धरून बसले आहेत.

तर, मोटारसायकल चालू होत नव्हती. मुलाने किक मारली. गाडीने ती व्याजासकट परत केली. तो नडगी धरून एका पायावर सोफ्याभोवती नाचला.

"फोडून घे पाय!" स्वयंपाकघरातून आई ओरडली. "कधी एकदा हे धूड घराबाहेर जातंय असं झालंय मला."

या धुडापायी तिचं शिलाई मशीन खिडकीजवळून उठून फ्रिजशेजारी गेलं होतं. ब्लाउजची मापं आता ओट्यापाशी घेतली जात होती.

गाडी इटालियन, वडिलांच्या तरुणपणातली. वडिलांच्या मते तिला स्वभाव होता. मुलाच्या मते तोच बिघाड होता. जुन्या गाड्या जमवणारा एक शौकीन ती घ्यायला तयार होता, फक्त चालू हवी म्हणाला. म्हणून मुलगा दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचा. त्याआधी तो लग्नामयताला तेवढा यायचा, आणि मयताहून जरा लवकर निघायचा.

एक दोष काढला की त्याच्यामागे दुसरा रांगेत उभा. प्लगची टोपी सैल. ती बसवली, तर पेट्रोलची नळी चिमटलेली. ती सोडवली, तर कार्बोरेटरच्या तोंडाशी, जिथून हवा आत जाते तिथे, निळ्या कापडाचा नीट दुमडलेला तुकडा. रविवार संपायचा, रांग संपायची नाही.

तो तुकडा सापडला तेव्हा वडिलांनी चष्मा लावून त्याची तपासणी केली होती. त्यांची उभी हयात पाणीपुरवठा कार्यालयात लोकांचे अर्ज फेटाळण्यात गेली होती, त्यामुळे ते साधं बोलले तरी खाली सही-शिक्का असल्यासारखं वाटायचं.

"अस्तर आहे," ते म्हणाले. "इटालियन लोक, लेका. कपड्यात त्यांचा हात कोण धरणार? आतूनसुद्धा अस्तर देतात. सदर अस्तर मूळ कंपनीचंच आहे."

मुलाने ते धुऊन, वाळवून पुन्हा जागेवर बसवलं होतं.

आज मात्र त्याने रागाच्या भरात ते उपटून जमिनीवर फेकलं. मूळ कंपनीला काय वाटायचं ते वाटो. पुन्हा किक. गाडी नुसती खोकली आणि गप्प झाली. त्याने हातातला पाना सोफ्यावर आपटला.

"बस्स! आज झाली तर त्या शौकिनाला. नाही झाली तर उद्या भंगारवाल्याला. बायको विचारते, तुमचं लग्न माझ्याशी झालंय की त्या सांगाड्याशी? पुढच्या रविवारपासून मी येणार नाही."

आतलं शिलाई मशीन थांबलं.

आई चहाचा ट्रे घेऊन आली. पान्याला जन्मभर 'ते लोखंड' म्हणणारी बाई गाडीपाशी थांबून म्हणाली, "डावीकडचं ते गोल झाकण उघडलंस का?"

"मागच्याच रविवारी साफ केलंय ते, आई."

"मग परत उघड. हात झिजतो का?" तिने ट्रे टीव्हीपुढे ठेवला. "भंगारात नको रे. तिच्यावरूनच आणलंय ह्यांनी मला या घरात."

त्याने झाकण उघडलं. आत दोन इवले पॉइंट, उघडझाप करून ठिणगी पाडणारे. त्यांच्या मधोमध निळ्या कापडाची चिंधी, नखाएवढी. कडा दातेरी. अशा दातेरी कडा कापणारी कात्री घरात एकच होती. ती फ्रिजच्या वर खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्याने चिंधीकडे पाहिलं. जमिनीवरच्या अस्तराकडे पाहिलं. तोच निळा, तेच दात. मग त्याने आईकडे पाहिलं.

आई चहाकडे पाहत होती. "साखर बघ रे बरोबर आहे का," ती म्हणाली.

त्याने चिंधी काढली आणि किक मारली. पुढे जे झालं ते झालंच नाही, पण खिडकीच्या काचा थरथरल्या, कप ट्रेमध्ये चालायला लागले, टीव्ही धुरात दिसेनासा झाला. वडील खुर्चीतून उठले ते पंचविशीतलेच उठले. आईने पदर नाकाला लावला आणि तो नाकावरून डोळ्यांकडे सरकला. तिला धुराचा त्रास होतो, असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलं.

मुलाने चावी फिरवली. घर एकदम शांत झालं. त्याने चिंधी उचलली, झटकली, दोन पॉइंटच्या मध्ये जिथल्या तिथे सरकवली आणि झाकण लावलं.

"नाहीच झाली गं, आई."

"नाहीच ना?" धूर बाहेर जावा म्हणून तिने खिडकी उघडली. "मेलं हट्टी धूड! आता पुढच्या रविवारी सुनेलाही घेऊन ये. कुणीतरी ते लोखंड धरायला नको का?"

"आणतो," तो म्हणाला आणि चहा प्यायला. साखर बरोबर होती.

वडिलांनी वाकून जमिनीवरचं अस्तर उचललं, त्याची घडी घातली आणि मुलाच्या हातात दिली. मग गरम टाकीवर तळवा ठेवून त्यांनी घसा खाकरला. कार्यालयातला जुना आवाज लावला.

"सदर वाहनास विनंती करण्यात येते की, त्याने यापुढे शिलाई विभागाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय चालू होऊ नये."