दुसऱ्या शाखेतली किल्ली

"ही किल्ली नाही चालत, नाना," परेश म्हणाला.

नानांना ते मुळीच पटलं नाही. किल्ली त्यांच्या मुलानं, ऋग्वेदनं स्वतः करून दिली होती. पुण्याहून दिवाळीला आला होता, तेव्हा नानांच्या लॅपटॉपसमोर बसून त्यानं मेलला कुलूप घालायचा तो सगळा उद्योग केला. घरात सगळ्यांचं मिळून एकच ईमेल खातं. मेल नानांना आला तरी आधी वाचायची त्यांची बायको, शैलजाबाई, आणि मग तो अर्ध्या मल्हारगंजला कळायचा. "आता तुमचं-माझं कुणी वाचणार नाही," ऋग्वेद म्हणाला. मग बापलेकांनी एकाच घरात, दोन खोल्यांत बसून एकमेकांना कुलूपबंद मेल पाठवले. पोहे झाले का, जिलबी उरली का. शैलजाबाई दोघांनाही वेड्यात काढत होत्या.

पुढच्या पावसाळ्यात ऋग्वेद गेला. पोटात गाठ होती. घरी कळलं तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता, आणि कळवलं ते त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी. तेव्हापासून नानांच्या जिवाला एकच गोष्ट खात होती. पोरानं आपल्याला का सांगितलं नाही? बाप इतका परका झाला होता? भेटायला येणारेही तेच विचारायचे, आणि नाना खाली मान घालून बसायचे.

खात्यात ऋग्वेदचा एक कुलूपबंद मेल तसाच पडून होता. आला तेव्हा नानांनी उघडून पाहिला होता. नुसता अक्षरांचा काला दिसला. एवढ्याशासाठी पोराला काय विचारायचं, म्हणून राहून गेलं. आता मात्र त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि तुकोगंजला परेशचं ऑफिस गाठलं. परेश ऋग्वेदचा शाळेपासूनचा दोस्त, कंप्यूटरच्याच कामातला.

"नाना, ऐसा है ना," परेश हळू आवाजात समजावू लागला, "ही पब्लिक किल्ली आहे. ही म्हणजे किल्ली कमी, उघडं कुलूप जास्त. दाबलं की बंद. कुणालाही वाटा, काही फरक नाही पडत. ऋग्वेदनं मेल हिच्यानंच बंद केला. पण खुलतो तो फक्त दुसरीनं, प्रायव्हेटनं. ती कुठंय?"

"बंद त्यानं केला ना? मग त्याच्याकडे असेल."

"नाही ना, नाना. एकदा बंद केला की त्याला स्वतःलापण नाही खुलणार. हे तुमच्या नावाचं कुलूप आहे. दुसरी किल्ली तुमच्याकडेच पाहिजे."

नानांनी पिशवीच्या तळातून एक जाड लिफाफा काढला. त्यावर लाखेचं सील होतं आणि त्यांच्याच अक्षरात 'न उघडता जतन करणे' असं लिहिलेलं होतं.

नाना जन्मभर बँकेत हेड कॅशियर होते. स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचे दोन संच. एक वापरातला, दुसरा सीलबंद करून दुसऱ्या शाखेत. दोन्ही एकाच छताखाली ठेवणारा कॅशियर नानांच्या लेखी कॅशियरच नव्हे. ऋग्वेद म्हणाला होता, प्रायव्हेट किल्ली जिवापाड जपा. नानांनी जपली. त्यांच्या हिशेबी दोन्ही किल्ल्या सारख्याच, एक वापरायची आणि एक डुप्लिकेट. त्यांनी प्रायव्हेट किल्ली पेनड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपवरून पुसून टाकली, लिफाफा सील केला आणि पुण्याला ऋग्वेदच्या पत्त्यावर पाठवला. एक वस्तू पाठवलीय, न उघडता सांभाळ, एवढंच फोनवर कळवलं. तो गेल्यावर त्याच्या सामानाबरोबर लिफाफा परत आला, तेव्हा सील शाबूत पाहून त्यांना त्याही दुःखात बरं वाटलं होतं. पोरानं बापाचा शब्द पाळला होता.

"तुम्ही ही त्याच्याकडे पाठवली?" परेशनं विचारलं. "म्हणजे हा मेल आला, तेव्हा तुमच्याकडे खोलायला काहीच नव्हतं?"

"त्याला ठाऊक नव्हतं, लिफाफ्यात काय आहे ते," नाना म्हणाले.

सील त्यांनी स्वतःच फोडलं. पेनड्राइव्ह परेशनं लावला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग अक्षरांचा काला गेला आणि पडद्यावर साधं मराठी आलं. परेशनं खुर्ची नानांच्या बाजूला वळवली आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

'नाना, गाठ चांगली निघाली नाही. सर्वांत आधी तुम्हालाच सांगतोय. डॉक्टर म्हणतात, लगेच ऑपरेशन करा, अजून वेळ आहे. मला फार भीती वाटते. तुम्ही इथं याल का? तुम्ही येणार असाल तरच करून घेईन, एकट्याच्यानं व्हायचं नाही. आईला इतक्यात काही सांगू नका. मी रविवारी फोन करीन. ती शेजारीच असते, तेव्हा बाकी काही बोलू नका. हो की नाही, एवढंच सांगा.'

नानांनी ते दोनदा वाचलं. आपल्याला सांगितलं होतं. सर्वांत आधी आपल्यालाच सांगितलं होतं. इतके महिने पोरावर धरलेला राग कुठं ठेवावा, ते त्यांना कळेना.

"नाना," परेश खिडकीपासूनच म्हणाला, "रविवारी त्याचा फोन आला होता?"

"आला होता," नाना म्हणाले. "मेल वाचला ना, म्हणाला. उघडता येत नाही म्हणायची मला लाज वाटली. नोकरी बदलायचं काहीतरी असेल, असं वाटलं मला. वाचला की, म्हटलं. मग? असं विचारून तो थांबला. मी म्हटलं, आता एवढा मोठा झालास, तुझं तू बघ."