पेटीचे थांबे

"ताई, या तिरक्या रेघा कशाच्या आहेत?"

काचेपलीकडून नव्या कलाकारानं विचारलं. हातातलं पान त्यानं दिव्याखाली धरलं होतं. काचेच्या अलीकडे तिघं बसली होती: दिग्दर्शक, ध्वनिमुद्रक आणि हे संवाद लिहिणारी ती.

तिनं आपल्यासमोरचं पान पाहिलं. दर चार-पाच शब्दांनंतर एक रेघ. पुढच्या पानावरही. चाळीसच्या चाळीस पानांवर. लिहिताना तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

अकरा वर्षांनी ती परदेशी मालिका परत येत होती. अंतराळात भंगार वाहणारं एक खटारा यान, त्यावरचे चार नग आणि सतत कुरकुरणारं ‘पेटी’ नावाचं यंत्र. पेटीला आपल्या भाषेतला आवाज तिच्या वडिलांनी दिला होता. मालिका परत येणार ही बातमी आली, तेव्हा त्यांना जाऊन सोळा दिवस झाले होते. तेव्हापासून भेटेल तो एकच विचारत होता, पेटीचा आवाज तोच ठेवणार ना?

रेघा वडिलांसाठी असायच्या. त्यांचं एकच फुप्फुस धड होतं. पाच शब्द झाले की हवा संपायची. पेटीला ओठ नाहीत, बोलताना तिच्या छातीवर नुसता हिरवा दिवा लागतो, त्यामुळे वाक्य हवं तिथं तोडता यायचं. रेघांना वडील थांबे म्हणायचे. एखाद्या पानावर त्या कमी पडल्या की काचेतून विचारायचे, आज जलद गाडी सोडलीस का गं. थांब्यावर ते श्वास ओढून घ्यायचे, ध्वनिमुद्रक मागाहून तो आवाज पुसून टाकायचा, आणि पडद्यावर उरायचा पेटलेला दिवा. शब्द नाही. घराघरांत लोक नेमके तिथंच हसून लोळायचे. कुठं थांबावं हे या माणसाकडून शिकावं, असं कुणीतरी छापूनही आणलं होतं. खरं कारण काचेअलीकडच्या या तिघांनाच ठाऊक होतं.

"रेघा सोडून द्या," दिग्दर्शक माइकचं बटण दाबून म्हणाला. "सरळ वाचा."

कलाकारानं सरळ वाचलं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. पडद्यावर अकरा वर्षांच्या झोपेतून कप्तान उठून बसला होता आणि पेटी त्याच्याशी बोलत होती. वाक्य संपलं तरी दिवा चार सेकंद तसाच पेटलेला राहिला. कुणी हसलं नाही.

दिग्दर्शकानं हनुवटी खाजवली. तिच्याकडे न बघता तो हळू आवाजात म्हणाला की उरलेल्या जागेत थोडे शब्द भर, या माणसाच्या छातीत हवा आहे तर वापरू या. परवा पहिला भाग पोचवायचा होता.

तिनं पेन्सिल घेतली. पहिली रेघ खोडली, तिथं दोन शब्द घातले. दुसरी खोडली. काही अवघड नव्हतं. आपल्या चांगल्या चांगल्या वाक्यांचे तुकडे पाडावे लागतात म्हणून एके काळी ती वडिलांशी भांडली होती. तेव्हा ते म्हणाले होते की लांब वाक्यं तू माझ्यानंतर लिही, भरपूर लिही. तिनं तिसरी रेघ खोडली. वाक्य लांब झालं, वाचायला गोडही झालं, आणि त्यात पेटी कुठंच राहिली नाही.

तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि बटण दाबलं.

"रेघेवर थांबा," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना तिथं दम लागायचा."

पलीकडे कलाकारानं पान खाली घेतलं. सकाळी आल्या आल्या त्यानं सांगितलं होतं की शाळेत असताना तो पेटीची नक्कल करून वर्ग डोक्यावर घ्यायचा. आता त्यानं कानांवरचे हेडफोन नीट केले आणि मान हलवली.

"अकरा वर्षं माझा डोळाच लागला नाही."

दिवा.

"तुमच्या काळजीनं."

दिवा.

"असं वाटत असेल तर."

दिवा. बराच वेळ.

"वाटू दे. मला झोपायचं बटण सापडलं नाही."

ध्वनिमुद्रक फस्सकन हसला. दिग्दर्शकही हसला, मग चष्मा काढून पुसत बसला. सगळं बरोबर जमलं होतं, अगदी जिथल्या तिथं. तिलाही हसू फुटलं. आवरायच्या आतच फुटलं.

ध्वनिमुद्रकानं सवयीनं आवाजाची वरखाली होणारी रेषा पडद्यावर मोठी केली आणि श्वास पुसायला हात पुढं नेला. हात तसाच राहिला. दोन शब्दांच्या मध्ये रेषा सपाट होती. पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

ती त्या सपाट रेषेकडे बघत राहिली. मग तिनं पुन्हा बटण दाबलं.

"थांब्यावर तुम्ही काय करता?"

"श्वास रोखून धरतो, ताई. नाहीतर पुढचा शब्द आपोआप बाहेर येतो."

चाळीसही पानं अशीच आहेत, असं तिनं त्याला सांगितलं.

"असू देत की," तो म्हणाला. "माझा दम चांगला आहे."