दोन रांगा

इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या रग्बी मैदानावर शेवटची शिट्टी वाजली. पाहुणा संघ दोन रांगा करून उभा राहिला आणि मधून जाणाऱ्या आम्हाला टाळ्या वाजवू लागला. सांगलीहून आलेले बाबा फोनवर आईला ओरडून सांगत होते, "अगं, जिंकला पोरगा!"

"हरलो, बाबा," मी तोंडावरचा चिखल पुसत म्हणालो. "त्रेसष्ट-पाच. या सीझनचे बावीसच्या बावीस सामने हरलो. आता आणखी खालच्या लीगमध्ये जाणार."

"मग टाळ्या कुणाला?"

"आम्हालाच. इथे जिंकलेले आधी हरलेल्यांना मान देतात."

बाबा त्या रांगांकडे बघतच राहिले. तरुणपणी कुस्ती हरले की ते कुणाला तोंड न दाखवता निघून जायचे, आठ-आठ दिवस तालमीत फिरकायचे नाहीत.

तेवढ्यात आमचा कॅप्टन लंगडत मागे वळला. आता आमची पाळी होती. आम्ही रांगा केल्या आणि पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवू लागलो. शेजारी पाहिलं, तर बाबा उभे, नवे बूट चिखलात रुतलेले.

त्यांच्या खिशातल्या फोनवर आई विचारत होती, "अहो, जिंकला की हरला? नीट सांगा!"

बाबांचे दोन्ही हात टाळ्यांत गुंतले होते.