दोराच्या त्या टोकाला

“पोट आत घ्या सर, पट्टा बसत नाहीये,” सुतार म्हणाला.

“पोट नाही रे ते, ताऱ्याचा घेर आहे. ओढ!”

पिवळाधमक कोट घालून सर चाकांच्या खुर्चीवर बसले होते. विज्ञान केंद्राच्या गोल हॉलमध्ये ते वर्षानुवर्षं तारा व्हायचे. आपल्या सूर्यासारखाच, पण दुसरा. खुर्चीखाली एक फिरती कडी, कडीला दोन दोर आणि दोरांच्या टोकांना दोन वजनदार ग्रह. एक कँटीनचा आचारी, दुसरा हा सुतार. आचारी जवळून भरभर फिरायचा, सुतार लांबून रमतगमत. दोघंही काळ्या कपड्यांत. हॉलमध्ये अंधार करून एकच झोत सरांवर टाकला, की पोरांना दिसायचा फक्त डुलणारा तारा. त्याला ओढतंय कोण आणि किती जण, हे नुसत्या डुलण्यावरून ओळखायचं. ग्रहांना नियम एकच, तोंड उघडायचं नाही.

जो बरोबर ओळखेल, त्याला पुढच्या खेळात दोर धरायला मिळायचा.

“चाकं नवी दिसतायत,” सर खाली वाकून म्हणाले.

“मॅडमनी बसवायला सांगितली.”

“खेळ बंद करायचाय आणि नवी चाकं? भंगारवाला खूश होईल बघ.”

सुताराने पट्टा आणखी आवळला. नव्या संचालक मॅडम आज खेळ बघणार होत्या आणि मग तो ठेवायचा की काढायचा ते ठरवणार होत्या. त्याच्या जागी मोठा पडदा येणार, अशी कुजबुज केंद्रभर होती. पडदा आला की सरांना घरी बसून भिंती बघायच्या.

आचारी हात पुसत आला. “सर, मॅडम मला विचारत होत्या. पोरांच्या हातात दोर देता, हे खरं का म्हणून.”

“झालं! आता सुरक्षेचं काढणार. तू काय सांगितलंस?”

“खरं तेच. देतो म्हटलं.”

“देतोच. एकीचा तेवढा राहिलाय.”

“ती चष्मेवाली ना?” आचाऱ्याने सुताराला डोळा मारला. “आली पुन्हा गोष्ट.”

“अरे, पहिल्या फेरीत ओळखलं होतं तिने! दोघं आहेत म्हणाली, एकाला घाई आहे, एकाला नाही. मी दोर द्यायला उठलो, तर बाई ओरडल्या, चला, बस निघाली. पोरगी रडवेली झाली. म्हटलं, परत ये, तुझा दोर राखून ठेवतो. नंतर काही आली नाही.”

“लग्न होऊन नातवंडं खेळवत असेल आता,” सुतार म्हणाला.

दार उघडलं आणि पोरांचा लोंढा आत घुसला. पहिल्या रांगेत मॅडम येऊन बसल्या. पांढराशुभ्र कोट, ताठ मान. सरांच्या नमस्काराला नुसती मान हलवली.

दिवे गेले. दोर ताणले गेले. तारा डुलायला लागला.

“भूत आहे!” कोणीतरी किंचाळलं.

“भूत नाही, खाली मोटर आहे.”

“नीट बघा रे,” सर म्हणाले. “मी एका तालात डुलतोय का?”

आज आचारी भलताच जोरात ओढत होता. एका वळणावर खुर्ची कलंडता कलंडता राहिली. “अरे हळू, भात करपतोय का तिकडे?” सर पुटपुटले. अंधारातून उत्तर आलं नाही. नियम म्हणजे नियम.

सरांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. पांढरा कोट अंधारातही जाणवत होता. हू की चू नाही. पोरं खिदळत होती, कोट जागचा हलत नव्हता.

संपलं, सरांना वाटलं. मग निदान नीट संपवू.

“पोरांनो, तारा डुलतो, म्हणजे त्याला कोणीतरी आहे,” ते म्हणाले. “तुम्हाला फक्त मी दिसतो. टाळ्याही मलाच मिळतात. पण मला इतकी वर्षं हलतं ठेवलं ते या दोरांच्या टोकाला असलेल्यांनी. त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत, ते आज मानतो.”

जवळचा दोर एकदम सैल पडला.

“दिवे!” सर ओरडले.

दिवे लागले. बटणापाशी आचारी बत्तीशी दाखवत उभा होता. पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा कोट नुसताच लटकत होता. आणि दोराच्या टोकाला, अनवाणी, घामाघूम, चष्मा नाकावर घसरलेल्या मॅडम धापा टाकत होत्या.

“आभार मी मानायचेत सर,” त्या म्हणाल्या. “आणि आज बसची घाई नाही. अजून एक फेरी घेऊ?”