लसणाविना फोडणी

तीस वर्षं सरदाराच्या दालनातून ताट जसंच्या तसं परत येत होतं, आणि आज गढीच्या स्वयंपाकीणबाईंचं डोकं फिरलं. बोचकं काखोटीला मारून त्या थेट सरदारासमोर उभ्या राहिल्या. “सरकार, तुम्ही रक्तावर जगता हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मग रोजचं ताट कोणासाठी? लसणाविना फोडण्या देऊन जीव विटला माझा. निघाले मी!” सरदाराने सुळे ओठांआड लपवले. “बाई, जाऊ नका. संध्याकाळी तुमच्या फोडणीचा वास आला की मीही कधीकाळी माणूस होतो हे आठवतं. मग बोकडाच्या रक्तावर भागतं.” “आणि मी तापाने पडले होते तेव्हा?” सरदाराची मान खाली गेली. “त्या दिवसांत देवडीवरचा पहारेकरी पळून गेला असं मी सगळ्यांना सांगितलं. तो पळून गेला नव्हता, बाई.” बाईंचं बोचकं गळून पडलं. “मेल्या, सांगायला काय दातखीळ बसली होती?” दिवस मावळत होता आणि चूल पेटलीच नव्हती.